मनःस्थितीचा रकाना

बाईंच्या प्राणिगृहात शिरण्याआधी तीन गोष्टी कराव्या लागत. चपला बाहेर काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि आपण आत्ता कसे आहोत ते लिहायचं. पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही प्रयोगशाळेत करायला लावतात. तिसरीमुळे बाई आमच्या संस्थेत चक्रम म्हणून ओळखल्या जात.

दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट वही असे. तारीख, वेळ, नाव, पिंजऱ्याचा नंबर, काम, हे रकाने छापील होते. शेवटचा रकाना बाईंनी स्वतः पट्टीने आखलेला, आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, 'मनःस्थिती'. उंदरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा. आम्ही पीएचडीचे विद्यार्थी, पिंजऱ्यातला भुसा बदलणारे हमीदभाई, पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस, कोणालाही सूट नव्हती. एकदा तपासणीला आलेले एक बडे अधिकारी त्या रकान्यापाशी अडले.

"माझी मनःस्थिती तुम्हाला कशाला हवी?"

"मला नकोय," बाई म्हणाल्या. "उंदरांना लागते."

अधिकाऱ्यांनी जरा विचार करून 'उत्तम' असं लिहिलं. बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. "आत्ता तर दारात वाद घालत होतात. खोडा आणि नीट लिहा." अधिकारी आत न जाताच चहाला गेले. त्या वर्षी आम्हाला नवे पिंजरे मिळाले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना चालत नसे, म्हणून सगळे बाईच म्हणत. त्यांच्या स्वतःच्या नोंदीही त्याच वहीत असत, आणि त्या वाचायला आम्ही चोरून जात असू. बहुतेक दिवशी 'उत्सुक' एवढंच. कधी 'उत्सुक, गुडघा दुखतो आहे'. एका दिवशी मात्र त्यांनी ठसठशीत अक्षरात 'मत्सर' असं लिहिलं होतं आणि पुढे 'आत जाणार नाही' अशी जोड दिली होती. दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या एका जुन्या मित्राला कसलासा मोठा मान मिळाला होता. बाई तीन दिवस प्राणिगृहात फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या आणि लिहिलं, 'थोडा उरला आहे, पण उंदरांना चालेल'. मी आयुष्यात अनेक विद्वान माणसं पाहिली. आपल्याला मत्सर वाटतो हे पेन्सिलीने लिहून ठेवणारं दुसरं कोणी पाहिलं नाही.

उपाशी माणसालाही आत मज्जाव होता. त्यासाठी दाराशी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा असे. आमच्यातले काही जण लाडवांसाठी रोज उपाशी राहू लागले तेव्हा बाईंनी डबा बंद केला नाही, फक्त त्यांच्या नावापुढच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लबाड'.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. आमचं काम जनुकांवर होतं, पण जनुकं कशी असतात यावर नव्हतं. ती कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात यावर होतं. पहिल्या आठवड्यात मी पुस्तकातली व्याख्या धडाधडा म्हणून दाखवली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "दुपारी दोन वाजता पेठेत कधी खरेदीला गेली आहेस का?"

"नाही."

"जाऊन ये. दुकान आहे, पाटी आहे, आत माल भरलेला आहे. पण शटर खाली. तुला माल मिळत नाही, तो नाही म्हणून नव्हे, दुकान बंद आहे म्हणून. जनुकांचं तसंच आहे. आईबापांकडून माल सगळ्यांना मिळतो. कुठलं शटर वर आणि कुठलं खाली, त्यातलं बरंच पुढे ठरतं. खाण्यावर, हवेवर, भीतीवर, मायेवर."

"आणि शटर खाली कोण ओढतं?"

बाईंचा चेहरा खुलला. "माहीत नाही!" हे दोन शब्द त्या इतक्या आनंदाने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना काहीतरी सापडलं आहे. मग त्यांनी थोडंसं सांगितलं. जनुकावर बारीक रासायनिक टिकल्या चिकटतात, टिकल्या दाट झाल्या की ते जनुक गप्प होतं. एवढं कळलं आहे. टिकली लावणारा हात नेमका कुणाच्या सांगण्यावरून हलतो, ते शोधायला आपण इथे बसलो आहोत.

उंदरांच्या आया दोन तऱ्हेच्या असतात. काही पिलांना सारखं चाटतात, काही कामापुरतं. भरपूर चाटलेली पिलं मोठेपणी घाबरली तरी लवकर निवळतात. कमी चाटलेली पिलं घाबरली की घाबरलेलीच राहतात. मेंदूत एक जनुक आहे, भीतीनंतर शरीराला शांत करणारं. चाटलेल्या पिलांत ते उघडं असतं, न चाटलेल्यांत त्यावर टिकल्या. मला शोधायचं होतं ते याच्या पुढचं: कमी चाटणाऱ्या आईची पिलं भरपूर चाटणाऱ्या आईकडे दत्तक दिली तर टिकल्या किती दिवसांत उतरतात, आणि उतरतात का. माझी चार वर्षं आणि माझी पीएचडी या एका प्रश्नावर उभी होती.

घरी हे समजावून सांगणं अवघड होतं. आम्ही धायरीचे. गाव होतं तेव्हापासूनचे. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागल्या होत्या आणि आई शेजारणीला सांगत असे, "आमची उंदरांची वजनं करती." त्यात तक्रार नव्हती, थट्टाही नव्हती. आईच्या बोलण्यात कधी काय आहे ते मला कळत नसे. ती कमी बोलणारी बाई. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं, हे तिला येत नव्हतं. मी प्राणिगृहात बसून तासन्‌तास उंदरांच्या आयांचं चाटणं मोजत असे तेव्हा मनात काय येई, ते मी त्या काळात कुणाला सांगितलं नसतं.

वहिनीच्या डोहाळजेवणाला मी बाईंना बोलावलं. चूक माझीच. बाई वेळेवर आल्या, ओटी भरली, जेवल्या, आणि मग माझ्या भावाकडे त्यांचं लक्ष गेलं. दादा मांडववाल्यावर ओरडत होता. त्याचा आवाज मुळातच मोठा, त्यात पाहुण्यांपुढे जरा जास्त चढलेला. बाई उठून त्याच्याजवळ गेल्या.

"तुम्ही घरातही असेच बोलता?"

"म्हंजे कसं?"

"असं. एवढ्या वर."

"आमचा आवाजच तसा हाय, बाई. रानात बोलायची सवय."

"रान कुठे आहे आता?" बाईंनी समोरच्या नव्या सहा मजली इमारतीकडे बघून विचारलं. "आणि पोटातल्या पोराला शब्द कळत नाहीत, पट्टी कळत असावी. माझ्याकडे पुरावा उंदरांचा आहे, माणसाचं मला नक्की माहीत नाही. पण तोवर हळू बोलायला काय जातं?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "ही तुझी बाई येडी हाय." पण पुढचे दोन महिने तो घरात खरंच हळू बोलत होता. मुलगा झाला त्या दिवशी त्याने दोन महिन्यांचा बाकी राहिलेला सगळा आवाज एकदम काढून घेतला.

पहिल्या तुकडीचे निकाल सुंदर आले. दत्तक दिलेल्या पिलांच्या टिकल्या उतरल्या होत्या. बाईंनी वहीत लिहिलं, 'उत्सुक आणि सावध'. कारण एकदा दिसलेली गोष्ट त्यांच्या लेखी दिसलेली नसे. पुन्हा करायची, पुन्हा तशीच दिसली पाहिजे. मी दुसरी तुकडी लावली. हमीदभाई त्या वेळी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, म्हणून सगळे पिंजरे मीच बघत होते. सात महिने. आणि दुसऱ्या तुकडीत काहीच दिसलं नाही. दत्तक दिलेली, न दिलेली, भरपूर चाटणाऱ्या आयांची, सगळ्या पिलांत टिकल्याच टिकल्या. जणू कुठल्याच आईने कुठल्याच पिलाला धड चाटलं नव्हतं.

मी रसायनं तपासली, यंत्र तपासलं, नमुने बदलले गेले का ते पाहिलं. माझी शिष्यवृत्ती संपायला चार महिने उरले होते. शेजारच्या प्रयोगशाळेतला एक हुशार मित्र म्हणाला, "पहिली तुकडी लिही आणि मोकळी हो. दुसरी केलीच नाहीस, असं समज. कोण विचारणार आहे?" खरंच कोणी विचारणार नव्हतं. मी दोन दिवस तो विचार डोक्यात घेऊन फिरले.

बाईंनी मात्र रसायनांकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या प्राणिगृहाच्या बाहेर फरशीवर मांडी घालून बसलेल्या दिसल्या. पुढ्यात दोन वर्षांच्या वह्या उघड्या. त्या शेवटचा रकाना वाचत होत्या.

हमीदभाईंच्या नोंदी वाचण्यासारख्या होत्या. ते मोमीनपुऱ्यातले, चार पिढ्या पुण्यातच. बाईंचा तो रकाना अख्ख्या संस्थेत गंभीरपणे घेणारे ते एकटेच. 'बायकोशी भांडण झाले. चूक माझी. चार नंबरला हात लावला नाही, ती आई नवीन आहे.' 'धाकटीचा निकाल लागला, पास. फार आनंद. आनंदाने हात थरथरतो म्हणून आधी पाणी प्यालो.' अशी पानंच्या पानं.

आणि माझ्या नोंदी. बाई बोट फिरवत होत्या. ठीक. ठीक. ठीक. ठीक. सोमवार, गुरुवार, दिवाळीच्या आधी, दिवाळीच्या नंतर, सात महिने, ठीक.

"इतकं ठीक माणूस मी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तू त्या काळात जिवंत होतीस ना?"

"बाई, ते एक लिहायचं म्हणून..."

"तू झाकण उघडलंस की आया काय करत होत्या?"

मला एकदम ते चित्र दिसलं. मी झाकण उघडलं की आया पिलं तोंडात धरून मागच्या कोपऱ्यात न्यायच्या. पहिल्या तुकडीत असं झालं नव्हतं. मला वाटलं होतं, भुसा नवीन आहे म्हणून.

मी ते सांगितलं. अंबाड्यातली पेन्सिल काढून बाईंनी हातात धरली आणि त्या वाट बघत बसल्या.

मग मी सांगितलं. मुलगा झाल्यावर महिन्याभरात दादाने आमच्या जमिनीचं एका बिल्डरशी बोलणं केलं होतं. त्यासाठी माझं हक्कसोडपत्र हवं होतं, म्हणजे वारलेल्या वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी भावासाठी सोडते असा कागद. आमच्या गावातल्या सगळ्या लेकींनी तो केला होता, मला ठाऊक होतं. मी मागणार नव्हतेच काही. पण मला कोणी विचारलं नाही. दादाने सरळ तारीख सांगितली, "मंगळवारी सुट्टी घे, सही करायची हाय." मी आईकडे बघितलं. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने मान वर केली नाही. मंगळवारी सकाळी मी निबंधक कार्यालयात सही केली, अंगठा दिला, अंगठ्याची शाई धुतली आणि दुपारी येऊन पिलांची वजनं केली. पुढचे सात महिने घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही आणि मीही बोलले नाही. रोज सकाळी धायरीहून बसने यायचं, वहीत 'ठीक' लिहायचं आणि झाकण उघडायचं.

सांगता सांगता मी रडायला लागले. बाईंनी विचारलं, "तारीख कुठली होती?"

मी तारीख सांगितली.

"शाई कशाने धुतलीस? रॉकेलने की साबणाने? वास राहतो."

मी उठून उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. माणसं आहेत की उंदीर, असं काहीतरी. माझ्या घरात माझ्याशी असं वागले आणि तुम्ही साबण विचारता, असंही. शेजारच्या खोलीतून दोघं डोकावून गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीच्या रिकाम्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

"हे. हे लिहायला हवं होतं."

"मग आता लिहिते! तारखा आठवताहेत मला."

"आता लिहिलंस तर तो पुरावा नाही, कैफियत झाली," बाई म्हणाल्या. "आणि दुसरी तुकडी वगळावी असं पत्र मी पीएचडीच्या कमिटीला देणार नाही. वहीप्रमाणे सात महिने तू ठीक होतीस."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी वही न भरता घरी गेले. बसमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत अडकून पडल्यावर मी दोन गोष्टींचा विचार करत होते. एक, मित्राचं ऐकावं. दोन, बाईंनी मला एकदाही 'वाईट झालं' म्हटलं नाही. दुसरी गोष्ट जास्त टोचत होती.

दुसऱ्या दिवशी दाराशी बाईंची नोंद होती: 'काल एका मुलीला रडताना पाहिलं. काय बोलावं सुचलं नाही, म्हणून तारीख विचारली. स्वतःवर नाराज. आत जाणार नाही.' मी ती दोनदा वाचली. मग मी तिसरी तुकडी लावायची ठरवलं.

शिष्यवृत्ती संपली तरी मी येत राहिले. सकाळी एका कॉलेजात तासिकांवर शिकवायचे, दुपारी उंदीर. या वेळी बाईंनी आखणी बदलली. अर्धे पिंजरे माझ्याकडे, अर्धे ऑपरेशन होऊन परतलेल्या हमीदभाईंकडे. टिकल्या मोजणाऱ्या मुलीला कुठला नमुना कुणाच्या पिंजऱ्यातला ते सांगायचं नाही. आणि मी रकाना खरा भरायचा.

ते काम मला वाटलं होतं त्याहून कठीण निघालं. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं पेन हातात धरून उभी होते. हमीदभाई मागे थांबले होते. शेवटी म्हणाले, "ताई, पहिल्यांदा भूक, झोप, डोकेदुखी असं लिहायचं. मग आतलं आपोआप येतं." मी लिहिलं, 'झोप कमी. राग.' पुढच्या आठवड्यात, 'दादाचा राग.' असे कितीतरी दिवस. मग एका सकाळी मी 'दादाचा राग' लिहिलं आणि ते खोटं वाटलं. खोडलं. त्याच्यापुढे लिहिलं, 'आईचा.' आणि पेन तिथेच थांबलं, कारण ते मलाही त्याआधी माहीत नव्हतं. दादा दादासारखा वागला होता. मान वर केली नव्हती ती आईने.

त्या दिवशी मी आत गेले नाही. हमीदभाईंनी माझे पिंजरे केले आणि तसं वहीत लिहिलं.

तिसऱ्या तुकडीचे निकाल आले तेव्हा बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझे पिंजरे आणि हमीदभाईंचे पिंजरे सारखेच निघाले. दोन्हींत दत्तक पिलांच्या टिकल्या उतरलेल्या, पहिल्या तुकडीसारख्याच.

"म्हणजे माझ्या रागाचा काही संबंध नव्हता?" मी विचारलं. मला हायसं वाटलं आणि जरा अपमानही.

"माहीत नाही!" बाईंचे डोळे चमकत होते. "राग तर या वेळीही होता, वहीत आहे. पण या वेळी तू तो दाबून आत गेली नाहीस. लिहून गेलीस. नाहीतर भुसाच असेल. नाहीतर आणखी तिसरंच काहीतरी, जे आपल्याला सुचत नाही. किती छान आहे बघ."

मला त्यात छान काही दिसत नव्हतं, पण प्रबंध उभा राहत होता. फक्त बाईंची एक अट होती. दुसरी तुकडी जशीच्या तशी छापायची, आणि तिच्याखाली एक वाक्य: 'या काळात संशोधिकेने स्वतःच्या मनःस्थितीची खरी नोंद केलेली नाही.' मी खूप वाद घातला. त्या एका वाक्याने चार वर्षांचं काम परीक्षकांच्या नजरेत उतरेल, कदाचित नाकारलं जाईल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. बाई म्हणाल्या, "सही तुझी आहे. तू ठरव." मी आठ दिवसांनी ते वाक्य टाईप केलं.

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा सर्वांसमोर होते. घरचेही येतात, मागे बसतात, नंतर पेढे वाटतात. दादा आला होता. आई आली होती, नवी साडी नेसून, अवघडून. दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं ते पान उघडलं.

"हे वाक्य जरा विचित्र आहे. कसली खरी नोंद केली नाही?"

बाई पहिल्या रांगेत होत्या. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं. त्या पुढे झुकून माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कळलं की त्यांनाही माहीत नाही मी काय सांगणार ते.

"सर, मला घरच्यांचा राग आला होता," मी म्हणाले. "माझ्याकडून एका कागदावर सही घेतली गेली. सहीचं मला काही वाटलं नाही. मला कोणी विचारलं नाही, त्याचं वाटलं. आणि माझी आई गप्प बसली. हे मी लपवलं, आणि तेच हात घेऊन मी रोज पिंजऱ्यात गेले. त्याचा परिणाम झाला की नाही, मला माहीत नाही. पण नोंद खोटी होती, हे माहीत आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठेवा हे वाक्य," ते म्हणाले, आणि पान उलटलं. अर्ध्या तासाने त्यांनी मला पदवीसाठी शिफारस केल्याचं जाहीर केलं.

टाळ्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात समोसे आणि पेढे होते. दादा लांब उभा राहून मोबाईलवर बोलत होता, हळू आवाजात. आई एकटीच बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पाया पडायला वाकायचं की माफी मागायची, ते मला समजत नव्हतं. बाई माझ्या मागोमाग आल्या होत्या.

आई माझ्याशी बोलली नाही. ती बाईंकडे बघून बोलायला लागली.

"म्या बी केली व्हती सही," ती म्हणाली. "माझे वडील वारले तवा. भाऊ गाडी घिऊन आले, बस म्हणले. कागदावर काय हाय ते बी सांगितलं न्हाई. आईकडं बघितलं, तर ती चुलीपुढनं उठली न्हाई." आईने माझ्याकडे बोट केलं. "ही पोटात व्हती."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. घरातल्या कोणीच ऐकलं नसावं. मी बाईंकडे बघितलं आणि मनातल्या मनात हात जोडले, की आज नको, निदान आज काही विचारू नका. बाई आईच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांचा हात अंबाड्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"कितवा महिना होता?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले. पण आईचा आवाज आला, आणि तसा तिचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. कुणीतरी एकदाचं विचारलं याचा त्यात सुटकारा होता.

"सातवा लागला व्हता," आई म्हणाली. "शुक्रवार व्हता. सांगते, बसा."